चिप ओतणं सोपं, झाकणं अवघड

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये बाबांच्या काळापासून प्लास्टिकची बुचं, स्विचचे बॉक्स, गाड्यांचे कनेक्टर निघायचे. एक दिवस एका प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या आणि त्यांनी रबरासारखा पारदर्शक तुकडा टेबलावर ठेवला. त्यात केसाएवढ्या नळ्या होत्या. ही मायक्रोफ्लुइडिक चिप: थेंबभर द्रव या नळ्यांतून फिरवून तपासायचा. "एवढे दहा करायला माझ्या विद्यार्थ्यांचा आठवडा जातो. मला हजारांत हवेत."

तुकडा पीडीएमएसचा, म्हणजे एका सिलिकोन रबराचा होता. साच्यावर ओतायचं, भट्टीत घट्ट करायचं, सोलून काढायचं. ही पद्धत १९९०च्या दशकात हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने रूढ केली. प्रयोगासाठी ती झकास, पण मालासाठी नाही. शिवाय पीडीएमएस काही औषधांचे रेणू स्वतःच पिऊन टाकतं. म्हणून आम्ही सीओसी या कडक, पारदर्शक प्लास्टिकचे दाणे घेतले. भाव ऐकून बाबा नुसते "बरं" म्हणाले.

नळी १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) रुंद, ५० खोल. म्हणजे डायवर, आमच्या धातूच्या साच्यावर, तेवढाच उंचवटा हवा. स्टील कोरलं तर कटरच्या रेघा राहतात, म्हणून सिलिकॉनच्या (संगणकाच्या चिपचं मूलद्रव्य, रबर नव्हे) मूळ नमुन्यावर निकेल चढवून डायमध्ये बसवायचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, करून घेतला. गरम प्लास्टिक थंड डायला टेकलं की कोपरे भरण्याआधीच गोठतं. त्यासाठी डाय आधी तापवायची, शॉट मारायचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत भरायचं, मग थंड करायची. अडकलेली हवा व्हॅक्यूमने ओढायची. सायकल लांबते, पण भट्टीतल्या तासांपुढे ती काहीच नाही.

खरा घाम फोडला तो झाकणाने. नळ्या वरून उघड्या असतात, म्हणून चिपवर प्लास्टिकचा पातळ पत्रा उष्णतेने चिकटवतात. तापमान थोडं कमी पडलं की गळती, जास्त झालं की नळीच बसते. आम्ही नळीत खाण्याचा निळा रंग सोडून मायक्रोस्कोपखाली बघायचो. धुळीचा एक कण मध्ये आला तरी त्याच्याभोवती न चिकटलेलं पांढरं कडं दिसायचं, आणि ते नळीला भिडलं की रंग बाहेर. क्लीनरूम, म्हणजे गाळलेल्या हवेची धूळमुक्त खोली, घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसरा गुन्हेगार घरचाच निघाला: सिलिकोन स्प्रे, डायवर मारायचा तेलकट फवारा. जॉब (ओतलेला तुकडा) डायला चिकटला की प्रत्येक सेटरचा, म्हणजे मशीन लावणाऱ्याचा, हात आपोआप त्या डब्याकडे जातो. त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला तर झाकण धरत नाही. त्या खोलीत डबा बंद केला, तेव्हा आमचे सेटरमामा भडकले, "मग मशीन काय देवाचं नाव घेऊन चालवू?" शेवटी डायच्या भिंतींना उतार दिला, पॉलिश वाढवलं आणि जॉब सुटायला लागला. मामा अजून कुरकुरतात.

आज बरीचशी कामं रक्तचाचणीच्या कार्ट्रिजची आहेत. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता-मानकाची कागदपत्रं सांभाळायला वेगळं माणूस ठेवावं लागलं. विजेचं बिल मात्र अजून बुचंच भरतात.

चौकशी करणाऱ्यांना एवढंच सांगणं: पीडीएमएसचं ड्रॉइंग जसंच्या तसं पाठवू नका. उभ्या भिंतींना उतार लागतो, आणि दाबून बंद होणाऱ्या लवचिक झडपा कडक प्लास्टिकमध्ये चालत नाहीत. शे-दोनशे नग हवे असतील तर आमच्याकडे न येता कोरून घ्या, स्वस्त पडेल.