सांगलीचा पिनकोड

परवा सांगलीच्या आत्याचं पार्सल आलं, आत भडंग, वर दोन पत्ते. तिचा ४१६४१६ आणि आमचा कोल्हापूरचा, राजारामपुरी आठवी गल्ली, ४१६००८. तिचा पिन मी आजवर कितीदा लिहिला असेल, कधी डोक्यात आलं नाही, पण पोरगं शेजारीच मूळ अवयव पाडत बसलं होतं म्हणून म्हटलं पुस्तकातलं राहू दे, हा पाडून दाखव.

त्यानं खोक्यावरच पेन लावलं. सातनं भागलं, ५९४८८. मग अकरानं, ५४०८. तेरानं भागलं आणि खाली आलं ४१६. "पप्पा, हे परत तेच आलं की!" भडंगाचा हात तसाच हवेत.

खरं म्हणजे ह्यात सांगलीचं काय कर्तृत्व नाही बरं का. ४१६ हजार आणि वर ४१६, म्हणजे ४१६ ची १००१ पट, आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. कुठलाही तीन आकडी नंबर दोनदा लिहा, २३५२३५ घ्या, ह्या तिघांनी भागत जा, २३५ हातात परत. पण सांगलीचं नशीब पुढं आहे, ४१६ मध्ये अजून एक तेरा लपलाय, तो काढला की ३२, म्हणजे नुसते पाच दोन. सगळे धरून ७२ विभाजक! सहा आकड्यांत एवढी श्रीमंती, जरा जळलोच मी.

कारण ४१६ आमचंपण आहे ना. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर पोस्टातले अधिकारी आणि वर संस्कृत कवी. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचे, शेवटचे तीन पोस्टाचे. म्हणजे पहिले तीन दोघांत सामायिक आणि सांगलीनं तेच पुन्हा पुढं लावून घेतले.

मग ईर्षेनं आमचा घेतला. आठनं लगेच भाग गेला, ५२००१ उरले, आणि तिथं गाडी रुतली. तीन नाही, सात नाही, अकरा नाही, एकतीसला पोरगं झोपायला गेलं, मी एकटाच त्रेचाळीस, सत्तेचाळीस करत बसलो, बायको दोनदा डोकावून गेली. ३ पासून १३९ पर्यंत तेहतीस मूळ संख्या फेल, आणि मग १४९. भागाकार ३४९, तीपण मूळच. सांगलीला तेराच्या वर जावं लागत नाही, आमच्याकडं जोतिबा चढल्यासारखं चढावं लागतंय, भावा!

भडंग तोवर संपलं होतं. खोकं सकाळी रद्दीत चाललेलं, काढून कपाटावर ठेवलंय.