सात नंबरची फाईल

१७ एप्रिल, रात्र

आज सात नंबरची फाईल परत आली. (मुलांची नावं इथे लिहीत नाही, हजेरीतले नंबर पुरेत.) दिवाळी झाल्यावर गेली होती. गावच्या यात्रेसाठी ऊसतोडीच्या टोळ्या परतू लागल्यात, त्यांच्याबरोबर आली. निळी टू-रिंग फाईल, पण निळी आता फक्त सवयीनं म्हणायची. पुठ्ठ्यावर काजळी, एक कोपरा उंदरानं खाल्लेला, एक रिंग मिटतच नाही म्हणून तिथे सुतळी बांधलेली. त्या मुलाच्या आईनं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, जपली बरं का. अवकाळी आला तवा पिठाच्या डब्यात घातली व्हती."

रिंग उघडली तर खरंच पीठ सांडलं.

या फायलींचं खूळ माझ्या डोक्यात शिरून तीन वर्षं झाली. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, दोन्ही मिळून २३ पोरं, तिसरी-चौथी सरांकडे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून शाळेत कागदाला तोटा नाही. पहिली-दुसरीला आकारिकचे, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचे, ७० टक्के, संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ३०. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं सगळं करायचं आणि लिहायचं. कल्पना चांगलीच आहे, आजही मला पटते. पण लिहून लिहून होतं काय, तर वर्णनात्मक नोंदी व्हॉट्सॲपवर तयार मिळतात आणि आपण त्या उतरवतो. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'स्वतःची कामे स्वतः करतो.' एका वर्षी मी घाईत दुसरीच्या सगळ्या मुलांच्या छंदांत 'पोहणे' लिहून मोकळी झाले होते. आमच्या गावाला मे उजाडायच्या आत टँकर लागतो. तपासायला आलेल्यांनी त्यावर सही केली, हे आणखी मजेचं.

त्याची लाज वाटली म्हणून फायली आणल्या. पहिल्या वर्षी चुकलेच. विषयवार केल्या: भाषेची जाड बॉक्स फाईल, गणिताची, कलेची. कपाटात ओळीनं लावल्या की काय दिसायच्या! पण पालक आला आणि म्हणाला, "आमच्या पोरीचं काय चाललंय?" की पाच फायली काढून पोरगी शोधायची. माझ्या फायलीत विषय होते, पोरं नव्हतीच. दुसऱ्या वर्षी मुलागणिक एक फाईल केली. २३ फायली, जवळजवळ सगळ्या स्वतःच्या पैशानं, कारण सादिल, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चाला मिळणारे पैसे, खडू-झाडूतच संपतं. मग त्या कपाटातून काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या, पोरांच्या हाताला येतील अशा. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली. त्यातही पहिला पाऊस तिरका आला आणि कठड्यावरच्या चार फायली भिजल्या. आता खाली विटा, वर फळी.

फायलीत फार काही नाही. पहिल्या पानावर मुलानं स्वतः काढलेलं स्वतःचं चित्र. मग वाचन. महिन्यातून एकदा मोबाईलवर एक मिनिट लावायचं, मुलानं उतारा वाचायचा, नीट वाचलेल्या शब्दांची संख्या मुलानंच तारखेसमोर लिहायची आणि काय वाचलं ते मला सांगायचं. मग लेखन. दर महिन्याला तेच बाजाराचं चित्र समोर ठेवते. नवं चित्र नाही, तेच. त्याच चित्रावर जूनमध्ये 'बाजार. केळी.' एवढंच, सप्टेंबरमध्ये 'म्हातारी भाजी विकते', जानेवारीत 'म्हातारीकडे सुट्टे नाहीत म्हणून ती ओरडली'. चित्रात म्हातारी ओरडत नाही, पण कधीतरी ओरडलीच असणार.

पालक सभेला याचा उपयोग फार. गेल्या वर्षी एका बापाला मी श्रेणी समजावून सांगत होते, ब-१ म्हणजे काय आणि ब-२ म्हणजे काय. तो मान डोलवत होता, ऐकत नव्हता. त्याला वाचता येत नाही. मग जूनचं पान आणि फेब्रुवारीचं पान शेजारीशेजारी धरली. बघत राहिला आणि म्हणाला, "आधी अक्षरं पडायला लागली व्हती, आता हुबी ऱ्हायलीत." यापेक्षा चांगली वर्णनात्मक नोंद मला आजवर सुचलेली नाही. तशीच लिहून टाकली.

पंचिंग मशीन हा वेगळा अध्याय. पहिलीच्या पोरांना अभ्यासापेक्षा भोकं पाडायची हौस. एकीनं स्वतःच्या नावातूनच भोक पाडलं आणि रडत बसली. खाली पडलेल्या गोल टिकल्या गोळा करून त्यांची बेरीज-वजाबाकी चालते, त्यामुळे मी ओरडत नाही.

एका साहेबांनी भेटीत विचारलं होतं, "ही फाईल कोणत्या परिपत्रकाप्रमाणे?" मी म्हटलं, कोणत्याच नाही. शेरेबुकात त्यांनी 'अभिलेख एकसमान ठेवावेत' असं लिहिलं. एकसमान नोंदवही वेगळी आहे, तीही भरते.

तर, सात नंबर. दुसरीत आहे. आईबाप एका कोयत्यावर, म्हणजे जोडीनं ऊसतोडीला, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली. आजी होती तोवर तो गावात राहायचा. गेल्या वर्षी ती गेली. आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचं मी दोनदा सांगून पाहिलं, पण धाकटी बहीण सांभाळायला त्यांना तोच हवा होता. कारखाना कर्नाटकात, तळाजवळ मराठी शाळा नाही. शिक्षण हमी पत्रक भरून दिलं, पण ते दाखवायला पुढे शाळा तर पाहिजे. मग निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याची फाईलच त्याच्या हातात दिली. दहा कोरे कागद भोकं पाडून अडकवले, एक पेन्सिल. म्हटलं, मिळेल तो कागद यात लाव. सर म्हणाले, "गेली म्हणा फाईल." मलाही तसंच वाटलं होतं.

आज पानं उलटत होते. ऊस काट्यावर मोजल्याच्या दोन पावत्या. बिस्किटाच्या पुड्याचा कागद. एका पानावर ट्रॉल्यांच्या मागचं लिखाण उतरवलेलं: 'आईचा आशीर्वाद', 'वाट पाहीन पण', पुढे 'एसटीनेच' राहिलं, ट्रॉली निघून गेली असणार. एक पान जिलेबीसारख्या गोल अक्षरांचं, कुठल्या तरी पाटीवरून नुसती बघून काढलेली कानडी अक्षरं. मला वाचता येत नाहीत. त्याला विचारलं तर म्हणाला, "हे दुकान हाय. इथं तेल भेटतं."

आणि चार पानं नुसत्या रेघांची. चार उभ्या, पाचवी आडवी. मी शिकवलेली पाचाची जुडी. आधी वाटलं, वेळ घालवायला काढल्या असतील. "मोळ्या हायत," तो म्हणाला. "आईच्या. शिडीवरनं ट्रॉलीत टाकल्या की एक रेघ." ज्या दिवशी बहीण झोपली नाही त्या दिवशी मोजता आलं नाही, तिथे जागा मोकळी सोडलीय. प्रत्येक दिवसाखाली बेरीज. ५४. ६१. ४७. एके ठिकाणी ६ आणि ९ उलटसुलट झालेत, बाकी सगळ्या बरोबर. मी दोनदा तपासल्या.

आई बाजूला उभी होती. तिला हे ठाऊक नव्हतं. पान बघितलं, काही बोलली नाही, धाकटीला कडेवर घेतलं.

मग वाचनाचं मिनिट लावलं. ऑक्टोबरमध्ये २८ शब्द होते, आज २१. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानाच्या हिशेबानं दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचायला हवेत, तेही समजून. तो स्वतःच आकडा लिहायला बसला, वरचा २८ बघितला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिही, जे आहे ते. लिहिलं. त्याला ट्रॉल्यांचं पान वाचायला दिलं तर न अडखळता वाचलं. पण ते त्याला पाठच असणार. पाठ असणं आणि वाचणं यातला फरक मला कळतो, म्हणून ते मी कुठे धरलं नाही.

नोंदवही आता समोर उघडी आहे. गणिताच्या रकान्यात 'दोन अंकी संख्यांची बेरीज करतो' लिहिलं. भाषेच्या रकान्यात २१ लिहिलं. मोळ्यांचं काय लिहू ते सुचत नाही. 'स्वतःहून माहितीची नोंद ठेवतो' असं एक तयार वाक्य आहे व्हॉट्सॲपवरच्या यादीत, आजवर दहा जणांना लावलं असेल मी. आज पहिल्यांदा ते एखाद्याला नीट बसतंय, तर लिहायला हात होत नाही.

नवी फाईल देऊ केली तर घेतली नाही. "हीच असू द्या." म्हणून फक्त सुतळी बदलून दिली, पीठ झटकलं. निकालाला दोन आठवडे उरलेत, तोवर रोज मधल्या सुट्टीआधी पंधरा मिनिटं त्याला घेऊन बसायचं ठरवलंय. पंचिंग मशीनची स्प्रिंगही गेलीय, उद्या येताना बाजारातून बघून यायला हवी.