व्यावसायिक गोल्फपटूने मैदानाचे शुल्क भरावे का?

ज्याचा उदरनिर्वाहच गोल्फवर चालतो, त्याने इतरांप्रमाणे ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळण्याचे शुल्क, भरून मैदानावर उतरावे की त्याला मैदान विनामूल्य मिळावे, हा विषय मुंबईतल्या गोल्फ खेळणाऱ्यांच्या गप्पांत अधूनमधून निघतो आणि बहुतेक वेळा दोन टोकांच्या मतांवर संपतो. एका बाजूचे म्हणणे असे की चांगला खेळाडू ही मैदानाची शोभा असते, त्याच्याकडून पैसे घेणे क्लबला शोभत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की तो या खेळातून कमावतो, तेव्हा हौसेने खेळणाऱ्याने भरायचे आणि कमावणाऱ्याने भरायचे नाही, हा न्याय उलटा आहे. मला वाटते की व्यावसायिक खेळाडूने शुल्क भरलेच पाहिजे. मात्र ते शुल्क माफक असावे, सर्वांना दिसेल असे फलकावर लिहिलेले असावे आणि ते भरणाऱ्याला सरावाची ठरलेली वेळ हक्काने मिळावी. या मताचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका त्याचाच उल्लेख चर्चेत क्वचित होतो.

विनामूल्य खेळण्याची ही प्रथा आली कुठून, हे पाहिले तर तिच्यामागे सन्मान होता असे म्हणणे कठीण जाते. १८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे पहिली ओपन (जिला आज ब्रिटिश ओपनही म्हणतात) स्पर्धा झाली, तेव्हा तिच्यात आठ खेळाडू उतरले होते आणि ते सारे व्यावसायिक होते. त्या काळचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे चेंडू आणि खेळायच्या काठ्या बनवणारा कारागीर, कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा, किंवा मैदानाची निगा राखणारा नोकर. चार वेळा ओपन जिंकलेले ओल्ड टॉम मॉरिस हे सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचे देखरेखकार होते. मैदान हीच त्यांची कामाची जागा असल्यामुळे तिथे पाऊल ठेवण्याचे पैसे त्यांच्याकडे मागण्याचा प्रश्नच नव्हता. माळ्याकडे कोणी बागेचे तिकीट मागत नाही. परंतु याच माणसांना क्लबहाउसच्या दारातून आत जाण्याची परवानगी नसे. १९२० साली इंग्लंडमधील डील येथे ओपन खेळायला आलेल्या अमेरिकन व्यावसायिक वॉल्टर हेगन यांना कपडे बदलण्यासाठीसुद्धा क्लबहाउसमध्ये प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्यांनी आपली भाड्याची आलिशान मोटार क्लबसमोर उभी करून तिचाच खोलीसारखा उपयोग केला. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडो येथील इन्व्हर्नेस क्लबने यूएस ओपनसाठी आलेल्या व्यावसायिकांना क्लबहाउस खुले केले आणि त्या गोष्टीचे अप्रूप इतके होते की खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक मोठे उभे घड्याळ भेट दिले. मैदान फुकट आणि दार बंद, अशी ही जुनी व्यवस्था होती. जो पैसे देत नाही त्याला नियम विचारण्याचा अधिकार राहत नाही, ही त्या व्यवस्थेची खरी किंमत होती आणि ती आजही पुरती फिटलेली नाही.

पुढे क्लबमध्ये नोकरी करणाऱ्या प्रशिक्षक खेळाडूंमध्ये एक देवघेव रूढ झाली: तुमच्या क्लबचा प्रो, म्हणजे प्रशिक्षक, आमच्याकडे आला तर आम्ही त्याला खेळू देऊ, आमचा तुमच्याकडे आला तर तुम्ही खेळू द्या. ही देवघेव मला रास्त वाटते, कारण प्रत्येक बाजू काहीतरी परत करते. पण निव्वळ स्पर्धांवर जगणारा टूर खेळाडू हा निराळा माणूस आहे. अमेरिकेत १९६८ साली टूर खेळाडू क्लब-प्रशिक्षकांच्या संघटनेपासून वेगळे झाले ते याच वेगळेपणामुळे. टूर खेळाडूकडे परतफेडीसाठी स्वतःचे मैदान नसते, आणि तरीही सवलत मात्र जुन्याच नावाने चालू राहिली.

आज ही सवलत प्रत्यक्षात कोणाला मिळते? ज्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते त्याला. त्याने आपल्या मैदानावर खेळावे, जेवायला थांबावे आणि सभासदांसोबत चार छायाचित्रे काढावीत अशी सर्वांची इच्छा असते, म्हणून त्याच्यासाठी टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करण्याची ठरलेली वेळ, मोकळा होतो. ज्याला खरी गरज असते त्या नवख्या व्यावसायिकाला मात्र फोनवर ‘बघून सांगतो’ एवढेच उत्तर मिळते.

मुंबईत ही अडचण अधिक तीव्र आहे, कारण इथे मैदानेच बोटांवर मोजण्याइतकी आहेत. १९१८ साली स्थापन झालेला विलिंग्डन क्लब, चेंबूरचा १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आणि कुलाब्याच्या टोकाला असलेला युनायटेड सर्व्हिसेस (यूएस) क्लब, हे तिन्ही सभासदांचे क्लब आहेत. शुल्क भरून कोणालाही खेळता येईल असे सार्वजनिक मैदान हवे असेल तर खाडी ओलांडून सिडकोच्या खारघर व्हॅलीला जावे लागते. या शहराने क्रिकेटपटू घडवले ते आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्क यांच्या जोरावर. दादरच्या चाळीतला मुलगा बॅट घेऊन खाली उतरला की त्याचा सराव सुरू होतो. गोल्फला असे मैदान नाही. अठरा होलच्या पूर्ण मैदानाला साधारण शंभर एकर किंवा त्याहून अधिक जागा लागते आणि एवढी मोकळी जागा मुंबईत नव्याने मिळणे शक्य नाही, तेव्हा जी मैदाने आहेत त्यांचे दरवाजे कोणत्या नियमाने उघडतात यावरच नव्या खेळाडूचे भवितव्य ठरते.

माझ्या ओळखीतला एक तरुण खेळाडू लहानपणापासून कॅडी म्हणून काम करत शिकला. क्लबच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कॅडींना खेळू देत, त्या दिवसाच्या सरावावर त्याचा हात बसला. तो व्यावसायिक झाला आणि कॅडीचे काम सुटले, तेव्हा तो दिवसही गेला. नंतर एका समितीने त्याला विनामूल्य खेळण्याची तोंडी परवानगी दिली. समिती बदलल्यावर ती परवानगी कोणी दिली होती हेच कोणाला आठवेना. तो मला म्हणाला, ‘सर, किती पैसे ते सांगा, मी भरतो. फक्त मंगळवारी येऊ की नको, ते सोमवारी कळलं पाहिजे.’ स्पर्धांवर जगणाऱ्या माणसाचे हे म्हणणे अगदी रास्त आहे. भारतातल्या बऱ्याच व्यावसायिक स्पर्धा ज्या पीजीटीआयच्या (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया) छत्राखाली होतात ती संस्था २००६ साली सुरू झाली आणि तिच्यामुळे खेळाडूंना वर्षभराचे वेळापत्रक मिळते, हे मोठेच काम आहे. पण प्रवेश शुल्क, प्रवास, मुक्काम आणि कॅडीची मजुरी हा खर्च आधी होतो. दोन दिवसांच्या छत्तीस होलनंतर कट लागतो, म्हणजे पुढे कोणी खेळायचे याची मर्यादा ठरते, आणि कटच्या खाली राहिलेल्याला बक्षिसातले काही मिळत नाही. अशा खेळाडूला माफक शुल्क परवडते, कारण ते तो हिशेबात धरू शकतो. अनिश्चितता मात्र त्याला परवडत नाही.

मैदानाच्या बाजूनेही शुल्काला ठोस कारण आहे. पटिंगची, म्हणजे होलभोवतीची, हिरवळ तीन-चार मिलिमीटर उंचीवर राखायची तर ती रोज पहाटे कापावी लागते, पावसाळ्यात बुरशीपासून जपावी लागते आणि उन्हाळ्यात तिला पाणी मोजून द्यावे लागते. सराव करणारा व्यावसायिक एकाच जागेवरून पन्नास फटके मारतो, तेव्हा तिथली हिरवळ सोलून निघते. ती पुन्हा भरून काढणाऱ्या माळ्यांचा पगार कोणीतरी देतच असतो. एकाला मैदान फुकट दिले म्हणजे त्याचा भार बाकीच्यांच्या वर्गणीत मिसळला, एवढाच त्याचा अर्थ. कॅडीच्या मजुरीबाबत तर चर्चेलाही जागा नसावी: ग्रीन फी माफ असो वा नसो, बॅग वाहणाऱ्याचे पैसे पूर्ण आणि त्याच दिवशी दिले गेले पाहिजेत.

जिथे जमीन सार्वजनिक आहे तिथे प्रश्नाला आणखी एक बाजू येते. दिल्ली गोल्फ क्लब सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे. खारघरचे मैदान सिडकोचे आहे. अशा ठिकाणी व्यावसायिकांच्या सरावाची वेळ आणि दर ही क्लबच्या मर्जीची बाब राहू नये, ती भाडेपट्ट्यातली अटच असावी. सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स, ज्याला गोल्फचे माहेर मानतात, ते खासगी नाही; संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला न्यास १९७४ पासून त्याचा कारभार पाहतो. गावातल्या रहिवाशाला वर्षाचा पास स्वस्तात मिळतो, बाहेरून आलेला पाहुणा मुख्य हंगामात एका फेरीसाठी तीनशे पौंडांहून अधिक मोजतो, आणि दोन्ही दर जाहीर असतात. दर निरनिराळे असण्यात अन्याय नाही. दर कोणालाच माहीत नसण्यात आहे.

माझ्या मताला काही अपवाद आहेत. स्पर्धेच्या आठवड्यातल्या सराव फेऱ्या विनामूल्यच असाव्यात, कारण खेळाडूने प्रवेश शुल्क भरलेले असते. नामांकित खेळाडूला क्लबने आपणहून बोलावले असेल तर तो पाहुणा आहे, त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत; परंतु बोलावणाऱ्याने ते शुल्क स्वतःच्या खात्यातून भरावे आणि तशी नोंद वहीत असावी. खेळाडूच्या बक्षिसाच्या रकमेवरून दर ठरवावा, ही सूचना मी अनेकदा ऐकली आहे. ती मला पटत नाही. दरवाजावर माणसाची मिळकत तपासणे अपमानकारक आहे, आणि गोल्फमध्ये गेल्या वर्षीचा स्कोअर या वर्षीचे घर चालवत नाही. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरलेले अली शेर कॅडीच्या कामातून वर आले होते, आणि व्यावसायिक गोल्फपटू शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखत. या दोघांचा खेळ ज्या वयात घडला त्या वयात त्यांच्या मिळकतीचा दाखला पाहून कोणी काही ठरवले असते तर ते चुकीचेच ठरले असते.

म्हणून क्लबांनी एवढे करावे असे मला वाटते. सोमवार ते शुक्रवार, दुपारी सभासदांची गर्दी ओसरते त्या वेळेतले काही टी टाइम टूरचे कार्ड (स्पर्धांत खेळण्याचा परवाना) असलेल्या पुरुष आणि महिला व्यावसायिकांसाठी राखून ठेवावेत. त्यांचा दर पाहुण्याच्या दराच्या चौथ्या हिश्शाइतका असावा. नोंदणी आदल्या दिवशी व्हावी आणि दिलेली वेळ स्पर्धेखेरीज दुसऱ्या कोणत्याही कारणाने काढून घेऊ नये. कॅडी किंवा माळी कुटुंबातून आलेल्या खेळाडूची पहिल्या दोन वर्षांची रक्कम क्लबच्या कॅडी कल्याण निधीतून भरली जावी, परंतु पावती त्या खेळाडूच्याच नावाने फाडावी, म्हणजे समिती बदलली तरी त्याच्या हातात कागद राहील.