कोहेसिन डीएनएवर कुठे बसतं? यीस्टमधल्या चिपचा माझा अनुभव

पीएचडीत माझ्या वाट्याला कोहेसिन आलं. पेशी दुभंगण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होते आणि त्या दोन्ही प्रतींना वेळेपर्यंत एकत्र धरून ठेवतं ते हे प्रथिनांचं कडं: एसएमसी१, एसएमसी३ आणि एससीसी१. १९९७ साली यीस्टवरच्या कामातूनच त्याची ओळख पटली. ते डीएनएवर नेमकं कुठे बसतं, हे मला शोधायचं होतं.

त्यासाठी चिप (क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन) करतात. जिवंत पेशींत १ टक्का फॉर्मॅल्डिहाइड घालून प्रथिन आणि डीएनए जिथल्या तिथे जखडायचे, पेशी फोडायच्या, डीएनएचे तुकडे करायचे आणि अँटिबॉडीने आपलं प्रथिन ओढून काढायचं. सोबत जो डीएनए येईल, तोच त्याचा पत्ता.

यीस्टची भित्तिका भलती चिवट. नळीत बारीक मणी घालून जोरात हलवायचं, बर्फात ठेवायचं, पुन्हा हलवायचं. मधूनमधून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. चकाकणाऱ्या पेशी काळपट, पोकळ दिसू लागल्या की समजायचं, फुटल्या.

खरा वेळ गेला तो सोनिकेशनमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करण्यात. यीस्टचा जिनोम साधारण १ कोटी २० लाख बेस-जोड्यांचा आणि जनुकं सुमारे ६,०००, म्हणजे सरासरी दर दोन हजार जोड्यांना एक जनुक. इतकी दाटी असताना तुकडे लांब राहिले, तर शेजारच्या जनुकाचाही सिग्नल मिसळतो. म्हणून २०० ते ५०० जोड्यांचे तुकडे हवेत. थोडा नमुना रात्रभर ६५ अंशांवर ठेवून जखडण सोडवायची आणि सकाळी तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर बघायचं. नव्याने चिप करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जेल मनासारखं दिसल्याशिवाय अँटिबॉडीला हात लावू नका.

तितकंच महत्त्वाचं कंट्रोल. माझ्या स्ट्रेनमध्ये (यीस्टच्या वाणात) एससीसी१ला एचए टॅग होता, म्हणजे अँटिबॉडी ज्याला पकडते अशी छोटी खूण. बिनटॅगचा स्ट्रेनही मी प्रत्येक पायरीतून तसाच नेला, कारण ज्या जनुकांवरून आरएनए धडाधड बनतो, तिथे चिपमध्ये खोटा सिग्नल येतो. शिवाय काही पेशी अल्फा-फॅक्टर या यीस्टच्या संप्रेरकाने जी१मध्ये, म्हणजे डीएनएची प्रत बनण्याआधीच्या टप्प्यात, अडवल्या. तिथे एससीसी१ जवळजवळ नसतंच.

नोकोडॅझोल या रसायनाने विभाजनाच्या मध्यावर थांबवलेल्या पेशींत मात्र क्यूपीसीआरचे (डीएनएच्या ठरावीक तुकड्याचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे बोलू लागले. सेंट्रोमिअरभोवती, म्हणजे विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं त्या जागेभोवती, सिग्नल भरघोस. गुणसूत्राच्या भुजांवर तो दिसला समोरासमोर वाचल्या जाणाऱ्या दोन जनुकांच्या मधल्या जागी. एससीसी२-एससीसी४ ही जोडी कडं डीएनएवर चढवते आणि पुढे जनुकावरून आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेझ वाचत जाताना त्याला जनुकाच्या टोकाकडे सरकवतं, अशी मांडणी आहे. ती माझ्या आलेखात दिसली तेव्हा मला अतिशय आनंद झाला.

पण जी१ आणि विभाजनातल्या पेशींतलं प्रमाण एकमेकांशी ताडायचं, तर इतकं पुरत नाही. त्यासाठी आता मी प्रत्येक नमुन्यात कँडिडा ग्लॅब्राटा या दुसऱ्या यीस्टच्या, तोच टॅग असलेल्या पेशी ठरावीक प्रमाणात मिसळते आणि त्यांच्या डीएनएच्या मापाने माझे आकडे जुळवून घेते.