जास्वंदीचे तेल, पाचवी खेप: पाणी नेमके कुठे दडून बसत होते

केसांसाठी घरी कढवत असलेल्या जास्वंद-माक्याच्या तेलाच्या पाचव्या खेपेची बाटली काल, 70व्या दिवशी, उघडली. खोबऱ्याचा आणि माक्याचा स्वच्छ वास आला. साबणाच्या वासाचा मागमूसही नव्हता. तिसरी खेप 20 दिवसांत आणि चौथी महिनाभरात कशी हातची गेली हे ज्यांनी आधीच्या नोंदींत वाचले आहे, त्यांना माझा आनंद वेगळा सांगावा लागणार नाही.

खोबरेलात संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण मोठे असल्यामुळे नुसत्या हवेने ते सहसा लवकर खवट होत नाही. पण त्यात पाणी राहिले तर मेदाचे विघटन होऊन लॉरिक आम्ल सुटे होते आणि तो साबणासारखा वास येऊ लागतो. दोष पाण्याचा आहे एवढे तिसऱ्या खेपेनंतरच कळले होते, कारण तिचा नमुना फ्रिजमध्ये थिजवल्यावर पांढऱ्या थराखाली गढूळ थेंब दिसले होते. दीड-दीड तास कढवूनही ते पाणी राहते कुठे, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता.

चौथ्या खेपेला मी थर्मामीटरवर विसंबले. पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या आसपास अडून राहते आणि ते संपले की झपाट्याने चढते, या हिशेबाने 112 अंशांवर कढई उतरवली. फेसही आला होता. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात स्नेहपाक, म्हणजे वनस्पती घालून कढवलेले तेल किंवा तूप, सिद्ध झाल्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत तेलाला फेस येणे आणि तुपाचा फेस शमणे अशी स्पष्ट खूण आहे. ती दिसताच मी निश्चिंत झाले. त्याच ठिकाणी सांगितलेली दुसरी परीक्षा, म्हणजे कल्काची (तेलात घातलेल्या वाटलेल्या पानाफुलांच्या लगद्याची) बोटांनी वात वळता यावी आणि ती विस्तवावर धरली असता तडतडू नये, ही मी केली नाही.

या वेळी गाळण्याआधी ती केली आणि कोडे उलगडले. कढईच्या तळाशी सुपारीएवढी एक गुठळी होती. ती बाहेरून करपत आली होती, पण फोडल्यावर आत ओली आणि बुळबुळीत निघाली, आणि विस्तवावर धरताच तडतडली. जास्वंदीच्या पानाफुलांतला चिकट स्राव पाणी घट्ट धरून ठेवतो. भोवतालचे तेल 110 अंशांच्या वर गेले तरी गुठळीच्या पोटात ओल तशीच राहते. त्यावर मी काय करत होते, तर शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून फडके जोर लावून पिळत होते. तयार झालेल्या तेलात पाणी माझ्याच हातांनी परत जात होते.

गुठळ्या मोडून, उलथण्याने तळ खरवडत, मंद आचेवर आणखी 40 मिनिटे पाक चालवला, तेव्हा कुठे वात न तडतडता जळली. गाळताना फडके पिळले नाही, फक्त रात्रभर टांगून ठेवले. त्यात 20 मिलिलीटर तेल कमी मिळाले असेल. त्याचे मला काहीच वाटत नाही.

या खेपेचे प्रमाणही नीट मोजलेले होते: कल्क 1, तेल 4, द्रव 16 या शास्त्रोक्त हिशेबाने कल्क 60 ग्रॅम, खोबरेल 240 ग्रॅम आणि द्रव 960 मिलिलीटर. आमच्या एका वाफ्यातून एवढा माक्याचा रस निघणे शक्य नव्हते, म्हणून 300 मिलिलीटर रस घेऊन बाकी माक्याचाच काढा वापरला. पाक एका दिवसात उरकू नये हा जुना दंडकही पाळला आणि तो पटला. रात्रभर निवल्यावर तळाशी बसलेला चिकट साका सकाळी हाताला लागतो आणि आच लावण्याआधी मोडता येतो.

माक्याची रोपे विकत घेणाऱ्यांनी सावध असावे. एका रोपवाटिकेने मला माका म्हणून पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी शोभेची वेल दिली होती. आपल्याला हवा असलेला माका पांढऱ्या फुलांचा असतो आणि त्याचे पान चुरगळले की रस थोड्याच वेळात काळा पडतो. ही परीक्षा दुकानातच करून घ्यावी. खोबरेल मी ओळखीच्या लाकडी घाण्यावरून आणते. बाटलीवरच्या ‘कोल्ड प्रेस्ड’ या शब्दांसाठी दुप्पट पैसे मोजणे मला पटत नाही, कारण पुढे ते तेल आपण तासन्‌तास कढवणारच असतो.

तेल लाल का होत नाही, असे पुन्हा विचारले गेले आहे. जास्वंदीचा लाल रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. पानांतला हिरवा रंग तेलात उतरतो, म्हणून आपले तेल हिरवट दिसते आणि तसेच दिसायला हवे. लालभडक जास्वंद तेल पाहिले की मला तरी वरून घातलेल्या रंगाचीच शंका येते.

सहाव्या खेपेत फुले दुप्पट करायची असे ठरवले होते, पण हे लिहीत असतानाच तो बेत बदलला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या उंदरांवर जास्वंदीच्या पानांचा आणि फुलांचा अर्क वापरून पाहिला होता आणि केसांच्या वाढीसाठी पानांचा अर्क अधिक प्रभावी ठरला होता. तो अर्क पेट्रोलियम ईथर या द्रावकात काढलेला होता, तेलात नव्हे, आणि उंदरांवरचा निष्कर्ष माणसांना थेट लावता येत नाही हे खरे. तरीही फुलांमागे धावताना आपण पानांकडे फारच कमी पाहिले असे मला वाटते. म्हणून आता 120 ग्रॅम तेलाच्या दोन लहान खेपा एकाच दिवशी लावीन, एक केवळ पानांच्या कल्काची आणि दुसरी केवळ पाकळ्यांची. दोन्हींसाठी कल्क सावलीत वाळवून, दळून, चाळून आणि मग थोड्या पाण्यात कालवून घेईन, म्हणजे गुठळ्याच होणार नाहीत अशी आशा आहे.

पिठ्या ढेकणांसाठी 15 दिवसांपूर्वी झाडावर निंबोळी तेल फवारले होते, त्यामुळे फवारा लागलेली पाने सोडून नंतर फुटलेली कोवळी पानेच तोडली आहेत. काल सकाळी वाळत घालताना ती 480 ग्रॅम भरली होती. आज संध्याकाळी 310 आहेत आणि देठ अजून वाकतात, मोडत नाहीत.