पीडीएफ उघडते, डाउनलोड होत नाही. आणि झालीच तर नावाचा चुराडा

लिंकवर पीडीएफ ठेवली की ब्राउझर ती टॅबमध्येच उघडतो, कारण त्याला ती वाचता येते. झिप वाचता येत नाही म्हणून ती आपोआप डाउनलोड होते. पीडीएफ, फोटो, साध्या टेक्स्ट फाइली यांच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगावं लागतं.

सगळ्यात कमी कष्टाचा उपाय म्हणजे अँकर टॅगला (एचटीएमएलमधल्या लिंकला) ‘डाउनलोड’ हे अ‍ॅट्रिब्यूट लावणं. पण पान आणि फाइल एकाच ओरिजिनवर (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट तेच) असतील तरच ते चालतं. फाइल सीडीएनवर (फाइली पुरवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर), अगदी आपल्याच दुसऱ्या सबडोमेनवर असली तरी ब्राउझर त्याकडे काणाडोळा करतो आणि फाइल उघडतो. ‘माझ्या मशीनवर चालत होतं, लाइव्ह केल्यावर बंद पडलं’ या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

म्हणून भरवशाचं काम सर्व्हरवरच करावं. उत्तरासोबत ‘कन्टेन्ट-डिस्पोझिशन’ हेडर (ब्राउझरला सूचना देणारी ओळ) पाठवायचा, त्यात ‘अटॅचमेंट’ लिहायचं आणि पुढे ‘फाइलनेम’ द्यायचं. कन्टेन्ट-टाइप (फाइलचा प्रकार सांगणारा हेडर) खराच ठेवावा. डाउनलोड व्हावं म्हणून पीडीएफला ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ (प्रकार न सांगता नुसते बाइट) म्हणण्याची जुनी युक्ती आता नको; ती फाइल कशात उघडायची हे मग फोनला धड कळत नाही.

मराठी साइटवाल्यांची खरी अडचण पुढे आहे. ‘निकाल’ हे नाव हेडरमध्ये तसंच टाकलं तर नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा) सरळ एरर देतो. इतरत्र हेडर गेला तरी काही ब्राउझरांत अक्षरांचा चुराडा दिसतो. या हेडरच्या मानकाप्रमाणे, म्हणजे आरएफसी 6266 प्रमाणे, दोन नावं द्यायची: ‘फाइलनेम’मध्ये साधं रोमन नाव, आणि तारांकन लावलेल्या ‘फाइलनेम’मध्ये यूटीएफ-8, मग दोन एकेरी अवतरणचिन्हं, मग टक्केवारी-एन्कोड केलेलं (प्रत्येक बाइटसाठी % आणि दोन अक्षरं) मराठी नाव. देवनागरीचं एक चिन्ह 3 बाइटचं, म्हणजे एन्कोड झाल्यावर 9 अक्षरं. ‘निकाल’ची 5 चिन्हं (काना-वेलांटी वेगळी मोजून) 45 अक्षरांची होतात. पीएचपीत यासाठी ‘रॉ-यूआरएल-एन्कोड’च वापरा. साधं ‘यूआरएल-एन्कोड’ मोकळ्या जागेचं अधिक चिन्ह करतं आणि ते तसंच नावात उतरतं. नोडवरच्या एक्सप्रेसचं ‘रेस.डाउनलोड’ आणि पायथनमधल्या जँगोचं ‘फाइल-रिस्पॉन्स’ हे सगळं स्वतःच सांभाळतात. नाव आटोपशीर ठेवा: लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल सिस्टिमवर मर्यादा 255 बाइटची, म्हणजे एक्स्टेंशन धरून सुमारे 83 देवनागरी चिन्हांत खेळ आटोपतो.

हेडर बरोबर असूनही काहीच होत नसेल तर मागणी फेचने (जावास्क्रिप्टच्या फंक्शनने) जाते आहे का ते बघा. फेचचं उत्तर जावास्क्रिप्टच्या हाती पडतं, ब्राउझर आपणहून डाउनलोड सुरू करत नाही. साधी लिंक द्या; टोकन (लॉगिनची ओळख) पाठवणं भागच असेल तर उत्तराचा ब्लॉब (ब्राउझरमधली तात्पुरती फाइल) करून त्याच्या यूआरएलवर ‘डाउनलोड’वाली लिंक क्लिक करवा. यात सगळी फाइल आधी ब्राउझरमध्ये गोळा होते, मोठ्या व्हिडिओला हे परवडत नाही.

पीएचपीतून दिलेली झिप ‘करप्ट’ निघाली तर फाइलला दोष देण्याआधी स्क्रिप्टच्या सुरुवातीची रिकामी ओळ शोधा. ती बाइटांत मिसळते. आणि फाइलचं नाव यूआरएलमधून घेत असाल तर ते आधी परवानगी असलेल्या फाइलींच्या यादीशी ताडून पाहा, नाहीतर दोन टिंबं आणि तिरकी रेघ वापरून कोणीही वरच्या फोल्डरात शिरेल.

‘कुठे सेव्ह करू?’ अशी खिडकी यावी, असा क्लायंटचा आग्रह असतो. या मार्गांनी ती आणता येत नाही. ती वापरणाऱ्याच्या ब्राउझरची सेटिंग आहे.