वेताळाचं दप्तर

बंदरावरच्या गुत्त्यात शिरायचं, झिंगलेल्या खलाशांमधून वाट काढत काउंटरपाशी जायचं आणि दूध मागवायचं. स्वतःसाठीही आणि सोबतच्या लांडग्यासाठीही. कुणीतरी फिदीफिदी हसतं, आणि दोन-चार चौकटींनंतर त्याच्या जबड्यावर अंगठीतल्या कवटीचा ठसा उमटलेला असतो. वेताळाच्या, म्हणजे चित्रकथांमधल्या मुखवटाधारी 'फँटम'च्या, गोष्टींत हा प्रसंग इतक्यांदा येतो, की लेखकाला दुसरं काही सुचत नव्हतं की काय असं वाटावं. माझी तक्रार नाही. ली फॉक १९३६ पासून १९९९ मध्ये वारला तोवर हा नायक लिहीत होता. त्रेसष्ट वर्षांत माणूस तीच गंमत पुन्हा सांगणारच. आमच्याकडे जेवताना सांगितले जाणारे किस्से याहून जुने आहेत.

सध्या जुनी इंद्रजाल कॉमिक्स पुन्हा वाचतोय. काही माळ्यावरची, पिना गंजलेली. काही रद्दीच्या दुकानातून, आता मात्र पुराणवस्तूंच्या भावात घेतलेली. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली तेव्हा अंकाला ६० पैसे पडत. १९९० मध्ये ती बंद झाली तोवर आठशेहून जास्त अंक निघाले होते, त्यात निम्म्याहून अधिक वेताळाचे. आमच्या गल्लीत अदलाबदलीचा दर ठरलेला होता: एका वेताळाला दोन रिप कर्बी. चष्मा लावून, पाइप ओढत विचार करणारा गुप्तहेर आम्हाला कशाला हवा होता?

आम्हाला ठोसे हवे होते. आता मी नेमकं तेव्हा गाळलेलं वाचतो. कथेच्या सुरुवातीला 'उशिरा आलेल्यांसाठी' म्हणून दोन-तीन चौकटींत पूर्वकथा असायची, तिच्यावरून नजर सरळ घसरून जायची. १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटलं, कप्तानाला मारलं, त्याचा मुलगा लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. बापाच्या खुन्याची कवटी हातात घेऊन त्याने शपथ वाहिली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढू. त्यानंतर बापामागे मुलगा तोच मुखवटा चढवत आला. लोकांना वाटतं, हा मरतच नाही. आपल्या गोष्टीतला वेताळ एकविसावा.

परवा सहज भागाकार केला. १५३६ ते १९३६ म्हणजे चारशे वर्षं. तेवढ्यात वीस वेताळ होऊन गेले. म्हणजे एकेकाची कारकीर्द सरासरी वीस वर्षांची. कुठल्याही सरकारी नोकरीत याहून जास्त मिळते! वेताळाचं घर असलेल्या कवटीच्या गुहेतली ती ओळीने असलेली थडगी लहानपणी झकास वाटायची. आता प्रत्येक वेळी मनात येतं, याच्या मुलाला कितव्या वर्षी गादीवर बसावं लागलं असेल?

गादी म्हणण्यापेक्षा वतन म्हणावं. या माणसाकडे अचाट शक्ती नाही, तो उडत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. (त्याच्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या सुपरमॅनला यातली कसलीच अडचण नाही, म्हणूनच तो मला कधी फारसा आपला वाटला नाही.) वेताळाची खरी ताकद आहे वंशपरंपरेने आलेलं पद आणि ते पद टिकवणारं दप्तर. गुहेत जाडजूड वह्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक वेताळाने आपल्या कामगिऱ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या आहेत, आणि आजचा वेताळसुद्धा मोहिमेवरून आला की मेणबत्तीच्या उजेडात लिहायला बसतो. अडचण आली की आजोबा-पणजोबांची वही उघडतो. आपल्याकडे १९५० च्या कायद्याने गावचं दप्तर सांभाळणारी कुलकर्णी वतनं गेली. इंद्रजाल सुरू झालं तेव्हा त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि आम्ही पोरं साठ पैशांत या शेवटच्या कुलकर्ण्याच्या मारामाऱ्या वाचत होतो.

दप्तराची शिस्त जंगल गस्ती दलातही आहे. या दलाचा सेनापती कोण, हे दलातल्या कुणालाच ठाऊक नाही. मुख्यालयात त्याची एक बंद खोली, खोलीत तिजोरी. कर्नल अहवाल तिजोरीत ठेवतो. तिजोरीचा तळ उघडतो, खाली भुयार, आणि भुयाराचं दुसरं तोंड बाहेरच्या जुन्या विहिरीत. रात्री वेताळ विहिरीत उतरतो, अहवाल वाचतो, आदेश ठेवून जातो. दिवा लागला की समजायचं, साहेबांचं उत्तर आलं. वरिष्ठ दिसत नाहीत पण कागद वेळेवर परत येतो, ही कल्पना मला जांभळ्या पोशाखापेक्षा जास्त अद्भुत वाटते.

त्या पोशाखाबद्दलही बोलायला हवं. हिरव्या जंगलात दबा धरणाऱ्याने जांभळा घालावा का? फॉकच्या मनात करडा रंग होता. १९३९ मध्ये रंगीत रविवारची पट्टी सुरू झाली आणि छापखान्यातून वेताळ जांभळा होऊन आला. इटलीत तो लाल आहे, स्वीडनमध्ये निळा. म्हणजे चारशे वर्षांच्या परंपरेचा रंग शेवटी शाईवाल्याने ठरवला.

काही गोष्टी मात्र आता घशाखाली उतरत नाहीत. गोऱ्या माणसाने जंगलात राज्य करायचं आणि सगळ्या टोळ्यांनी तंटे सोडवायला त्याच्याकडे यायचं, हे वतन फारच एकतर्फी आहे. सुरुवातीला तर हे जंगल आशियात होतं. बेंगाला, चाचे 'सिंग' टोळीचे, आणि विसाव्या वेताळाचा खुनी 'रामा'. आपल्याकडे छापताना देशाचं डेंकाली झालं, सिंगचे सिंगा आणि रामाचा रामलू. दोन-चार अक्षरांत संपादकांनी बखेडा मिटवला, आणि आम्हाला पत्ताही लागला नाही. पुढे फॉकनेही देश आफ्रिकेत नेला आणि तिथे निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आणला: डॉक्टर लुआगा, काळा, सुसंस्कृत, वेताळाचा मित्र. लुआगाच्या गोष्टी मला आवडतात. तरी त्याची खुर्ची वाचवायला रात्री खिडकीतून वेताळच येतो!

वेताळाच्या प्रेयसीचं, डायनाचं, प्रकरण तर विचारूच नका. संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी ही मुलगी १९३६ पासून गोष्टीत आहे आणि लग्न झालं १९७७ मध्ये. त्यानंतर जुळी, किट आणि हेलॉईज. तो अंक माझ्या भाचीच्या हाती लागला. अर्धा वाचून तिने मान वर केली.

"मामा, जुळी आहेत ना? मग पुढचा वेताळ किटच कशावरून?"

मी तयारीत होतो. तिला ज्यूलीची १९५२ सालची गोष्ट काढून दिली. सतरावा वेताळ अंथरुणाला खिळला तेव्हा त्याच्या बहिणीने मुखवटा चढवून सगळं काम निभावलं होतं. भाचीने ती शेवटपर्यंत वाचली.

"आणि भाऊ बरा झाल्यावर?"

"त्याने पुन्हा काम सुरू केलं. तिचं लग्न झालं."

"एकवीस वेताळांत ती धरलीय?"

"नाही."

"म्हणजे बदली कामगार," ती म्हणाली, आणि विचारलं, जादूगार मँड्रेकचे अंक आहेत का?